‘हाडांची पत्रिका’ म्हणणाऱ्या निपाणीच्या वाचकांना

नवजात माकडांच्या हाडांवरून त्यांची नाती कशी ओळखतात, या माझ्या लेखावर निपाणीहून एका वाचकांनी लिहिलंय: ‘पिल्लू पोटात किती दिवस राहिलं त्यावर हाडं ठरतात, नातं नव्हे. जन्मवेळ बघून कुळी सांगणारे तुम्ही आणि पत्रिका मांडणारे यांत फरक काय? नमुने मूठभर, फोटोला मापपट्टीही नाही. डीएनए असताना हा खटाटोप कशाला?’

मापपट्टी हवी होती, मान्य.

बाकी बोला की, खरं वाचून बोला. पत्रिका? माझे वडील खानापूर तालुक्यात गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. जन्मल्यावर तासाभरात धडपडत उभं राहणारं वासरू मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आलोय. पुढचं आयुष्य जीवशास्त्र शिकवण्यात गेलं. आमच्या घरात लग्नालासुद्धा कुणी पत्रिका काढली नाही. असल्या माणसाला ज्योतिषी म्हणायचं, तेही स्वतःचं नाव न घालता! माकडांच्या शरीररचनेचे अभ्यासक अडोल्फ शुल्ट्झ (१८९१–१९७६) यांनी गर्भातली, नवजात, वाढती माकडं जन्मभर मोजली. ते काय पंचांग उघडून बसले होते?

आता तुमचे ते दिवस. सगळं पोटातल्या दिवसांवरच असतं, तर नऊ महिने राहिलेल्या माणसाच्या बाळाची हाडं सर्वांत पक्की हवीत. त्याच्या मनगटाचा एक्स-रे बघा: बहुधा एकही मनगटी हाड दिसत नाही, सगळी अजून मऊ कूर्चा. आणि साडेपाच महिन्यांत जन्मणारं मकाक, आपलं लालतोंडं माकड ज्या गोतातलं ते, बहुतेक मनगटी हाडांत अस्थीकरण, म्हणजे कूर्चेचं हाड होणं, सुरू झालेलं घेऊनच येतं.

शिवाय नुसतं कच्चं-पक्कं मोजा, असं मी म्हटलंच नव्हतं. कुठलं हाड कुणाला कधी जुळतं ते बघा, म्हटलं होतं. मनगटाच्या मध्यात एक चिमुकलं हाड असतं. मकाकात आणि भीमगडच्या जंगलातल्या काळतोंड्या वानरात ते सुटंच राहतं. गिबन, ओरांगउटानमध्येही बराच काळ सुटं. चिंपांझी, गोरिला आणि आपण मात्र ते शेजारच्या नौकाकृती हाडाला लवकर जोडून टाकतो. माणसात तर गर्भ तीन महिन्यांचा होतो न होतो तोवर. डीएनएनेही या तिघांनाच एकत्र बसवलं. मग खटाटोप कुणाचा फुकट गेला?

नमुन्यांचं पुन्हा कधीतरी.

पुढची प्रतिक्रियाही छापीन. फक्त नाव घाला, आणि पत्रिका-बित्रिका गाळून पाठवा. कात्री चालवायला मला आवडत नाही, खरं येते.