फिलिपिंकी फिलिपिन्सच्या नव्हत्या, आणि त्या एकच चाल म्हणत नव्हत्या

पोलंडच्या ‘फिलिपिंकी’ या मुलींच्या गायनगटाबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. काल तो भाचीच्या गायनवर्गाच्या ग्रुपवर आला आणि खाली पटापट अंगठे पडले. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: या मुली फिलिपिन्सहून आणल्या होत्या, सरकारने प्रचारासाठी त्यांना उभं केलं, आठजणी मिळून एकच चाल म्हणायच्या म्हणजे कसब शून्य, आणि 1964 च्या अमेरिका दौऱ्यानंतर सरकारने त्यांचा आवाज बंद केला.

आधी नाव. पोलिशमध्ये ‘फिलिपिंकी’ म्हणजे फिलिपिन्सच्या बायका, हे खरंच आहे. शब्दकोशातला हा अर्थ बघून कुणीतरी पुढचं सगळं रचलं. पण ‘फिलिपिंका’ हे 1957 पासून निघणारं मुलींचं नियतकालिक होतं आणि गटाने नाव घेतलं ते तिथून. गट जमला 1959 मध्ये, श्चेचिन या बंदराच्या शहरात, वाणिज्य शिकवणाऱ्या एका शाळेत. जमवणारे आणि गाणी बसवणारे यान यानिकोव्स्की. गटातलं निकी इकोनोमू हे नाव पोलिश नाही, कारण तिचं घराणं ग्रीक. ग्रीसमधल्या यादवीनंतर हजारो निर्वासित पोलंडमध्ये आले होते. श्चेचिन तर 1945 पर्यंत जर्मनीत होतं, तिथली बहुतेक वस्तीच युद्धानंतर बाहेरून आलेली. फिलिपिन्सचा संबंध कुठेच येत नाही. मार्चिन श्चिग्येल्स्की यांनी 2013 मध्ये या गटाचा सचित्र इतिहास लिहिलाय आणि त्यांची आई स्वतः या गटात गायची. याहून जवळचा साक्षीदार कुठून आणणार?

तिसरा, ‘एकच चाल, कसब शून्य’ हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण गाणं शिकणाऱ्या मुली तो वाचताहेत. आपल्याकडे समूहगीत म्हणजे सगळ्यांनी एक चाल धरायची, म्हणून कानाला तसं वाटत असेल. फिलिपिंकींसारख्या गटात आवाज तीन-चार पदरांत वाटलेले असतात आणि प्रत्येक पदर वेगळा सूर धरतो. नुसत्या मुलींच्या गटात खालचे पुरुषी आवाज नसतात, म्हणून सगळे सूर दीड-दोन सप्तकांत दाटीने बसवावे लागतात. सूर इतके जवळ आले की जराशी चूकही लपत नाही. एकाच पदरावर दोघी असतील तर काम आणखी अवघड. एकीचा सूर सेकंदाला 440 कंपनांवर आणि दुसरीचा 443 वर असेल, तर सेकंदाला तीन लाटा थरथरताना ऐकू येतात. तिसरी आली की ती थरथर बरीच झाकली जाते, दोघींत झाकायला जागाच नसते. त्यात पोलिश भाषा स, श, च यांनी भरलेली. शब्दाच्या शेवटचा श आठ तोंडांतून मागेपुढे सुटला की गाण्यावर फुसफुस पसरते. त्यावर गायनगटांतला नेहमीचा उपाय म्हणजे शेवटचं व्यंजन एक-दोघींनीच स्पष्ट म्हणायचं, बाकीच्यांनी स्वरावर थांबायचं. ‘आ’ म्हणताना जबडा सगळ्यांचा सारखा उघडायला हवा, नाहीतर सूर बरोबर असूनही आवाज वेगवेगळे राहतात. ज्याला हे सोपं वाटतं त्याने तिघींना घेऊन एक कडवं बसवून बघावं.

प्रचाराच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, तेवढं देऊन टाकतो. 1963 मध्ये त्यांचं गाजलेलं ‘वाला ट्विस्ट’ हे गाणं सोव्हिएत अंतराळवीर वालेंतिना तेरेश्कोवावर होतं, जी त्याच वर्षी जूनमध्ये अंतराळात गेली होती. ‘वाला’ हे तिचंच लाडाचं नाव. विषय सोव्हिएत, सरकारला आवडणारा, कबूल. पण ताल कुठला? ट्विस्ट या नाचाचा, थेट अमेरिकेतून आलेला. आणि गट सरकारी हुकमातून नाही, शाळेतून निघाला होता.

आवाज बंद केल्याची गोष्ट तर तारखांपुढेच टिकत नाही. 1964 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या पोलिश वस्त्यांसमोर गाऊन आल्यावर फिलिपिंकी 1974 पर्यंत गात होत्या. तोवर वॉर्सात 1963 मध्ये जमलेल्या ‘अलिबाबकी’, म्हणजे मुलींचा आणखी एक गायनगट, याही पुढे आल्या होत्या. पोलिश गायक चेस्वाव नियेमेनच्या 1967 च्या पहिल्या अल्बममध्ये साथीला ऐकू येणारे मुलींचे आवाज त्यांचेच, आणि त्यांचा गट 1988 पर्यंत चालला.