‘डोळा शार्प आहे, पण मेलेला दिसतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि तिच्यातला मुख्य मुद्दा बरोबर आहे. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात देतो. ‘डोळ्यावर अचूक फोकस झाला की निम्मं काम झालं’ असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर विसंबून तुम्ही तासगावला घरी ५० एमएमच्या लेन्सने, एफ १.८ वर (म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून; हा आकडा वाढला की छिद्र बारीक होतं), सोप्यात म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत बसलेल्या आजोबांचे आणि भर दुपारी अंगणातल्या खिलार बैलाचे फोटो काढले. पापणीचा केस न् केस मोजता येतो, पण आजोबांचे डोळे विझल्यासारखे, बैलाचा डोळा काळ्या बटणासारखा आणि त्याचं नाक धूसर. ‘हे सगळं पुस्तकी आहे, नाहीतर महागडी लेन्स घ्या असं सरळ सांगा,’ असं तुम्ही लिहिलंय.

फोकसला पहिली जागा देण्यात माझी चूक झाली. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग म्हणजे छोटा बहिर्गोल आरसा. समोर जे असेल ते त्यात उमटतं. समोर उजेडाचं दार असेल तर डोळ्यात पांढरा ठिपका चमकतो आणि नजर जिवंत वाटते. समोर काळोखी भिंत असेल तर फोकस कितीही नेमका असला तरी डोळा विझलेलाच दिसणार. म्हणून आधी डोळ्यासमोर काय आहे ते ठरवायचं, मग कॅमेरा उचलायचा.

आजोबांना सोप्यात खोलवर बसवू नका. उंबरठ्यापासून दोन-तीन फूट आत, चेहरा दाराकडे साधारण ४५ अंशांत वळवून बसवा. तुम्ही दारात मधोमध उभे राहिलात तर उजेड अडतो आणि बुबुळात तुमचीच काळी आकृती उमटते. चौकटीच्या कडेला सरका. चमकेचा ठिपका घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी आला की समजा, बैठक जमली. आठ-दहा फूट आत गेलं की दार डोळ्याला लहान दिसतं, ठिपका बारीक होतो आणि अंधारामुळे बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधलं काळं छिद्र, पसरते. बाहुली पसरली की बुबुळाचा तपकिरी रंग काठापुरताच उरतो. आपल्याकडच्या गडद डोळ्यांत तर तोही दिसत नाही. म्हणून विझलेल्या डोळ्याचं कारण बहुतेक वेळा बसण्याच्या जागेत असतं.

म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी खोल असतात, त्यात फेट्याची किंवा टोपीची सावली पडते. यावर उपाय घरातलाच: मांडीवर पांढरं धोतर किंवा पंचा पसरलेला असू द्या. तो खालून उजेड परत फेकतो आणि खोबण उघडते. चष्मा असेल तर काड्या कानावर अर्धा-पाऊण सेंटीमीटर वर उचला. काच किंचित खाली झुकते आणि काचेवरचं दाराचं प्रतिबिंब कॅमेऱ्याला दिसेनासं होतं. वयामुळे बुबुळाच्या काठावर आलेलं करडं कडं एडिटिंगमध्ये पुसू नका, डोळ्याचा पांढरा भागही दुधासारखा करू नका. ते वय त्यांचं आहे.

आता बैल. इथे तीन गोष्टी एकदम बिघडल्या आहेत.

पहिली, वेळ. सांगली जिल्ह्यात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. भुवईच्या हाडाची सावली थेट डोळ्यावर पडते. सकाळी लवकर घ्या, किंवा गोठ्याच्या सावलीत तोंड मोकळ्या शेताकडे करून उभं करा. समोरच्या उजेडाने बाहुली आक्रसते, ती आडवी लांबट दिसू लागते आणि भोवतीचं तपकिरी बुबुळ उठून येतं.

दुसरी, खिलारचा पांढरा रंग. फ्रेमभर पांढरं दिसलं की कॅमेरा फोटो काळपट करतो. मग अंग करडं होतं आणि डोळा शुद्ध काळा. सावलीत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +१ ठेवा. म्हशीला नेमकं उलटं, –१ च्या आसपास, नाहीतर काळी कातडी राखाडी होते आणि चमकेचा ठिपका जळून जातो.

तिसरी गोष्ट नाकाची, आणि इथे तुमची तक्रार सगळ्यात रास्त आहे. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम, एफ १.८, अंतर १ मीटर असेल तर नीट दिसणारी खोली जेमतेम ३ सेंटीमीटर मिळते. बैलाच्या डोळ्यापासून नाकपुडी फूटभर दूर! २ मीटरवर जा आणि एफ ८ लावा, म्हणजे तीच खोली जवळपास अर्धा मीटर होते. नाहीतर पूर्ण बाजूने घ्या. डोळा आणि नाक एकाच अंतरावर येतात. जतकडची बाकदार नाकाची माडग्याळ मेंढी तर बाजूनेच खुलते. शेळी-मेंढीची आडवी बाहुली मान खाली घालून चरतानाही डोळा फिरून जमिनीला समांतर राहते, तेव्हा फोटोत ती चेहऱ्याच्या मानाने तिरकी दिसली तरी ‘सरळ’ करण्याच्या फंदात पडू नका.

फोकसचा बिंदू पापणीवर न ठेवता चमकेच्या ठिपक्याच्या कडेवर ठेवा. तिथे काळं-पांढरं शेजारी असल्याने कॅमेरा पटकन पकडतो. शटरचा वेग किमान १/२५० सेकंद. रवंथ करताना डोकं हलतंच, पण घास गिळल्यावर पुढचा घास वर येईपर्यंत काही सेकंद जबडा थांबतो, तेवढ्यात दाबा.

फ्लॅशबद्दल मी ठाम आहे. गुरांच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे संधिप्रकाशात फ्लॅश मारला की डोळा निळा-हिरवा पेटतो. माणसांसाठीची लाल डोळे टाळण्याची सोय तिथे फारशी चालत नाही. शिवाय जनावर बुजतं. डोळ्याचा पांढरा भाग एरवीपेक्षा जास्त दिसायला लागला तर ते घाबरलंय. कॅमेरा खाली ठेवा, आणि पुन्हा जाल तेव्हा मागून न जाता बाजूने, बोलत बोलत जा.

लेन्स घेऊ नका. तुमच्याकडची ५० एमएम या सगळ्याला पुरते. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ एमएमची झूम लेन्स असेल तर तीही, ५५ वर आणि एफ ५.६ किंवा एफ ८ लावून.