बस कुणाच्या नावावर?

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पुन्हा पेटला. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या किती कमी उरल्यात, त्याची बातमी आत्याने टाकली. खाली रडका चेहरा. त्यावर तिच्याच मुलाने लिहिलं, ‘बंद करा एकदाची ती बेस्ट आणि देऊन टाका खासगीला. ताईला विचारा, अमेरिकेत सगळं प्रायव्हेटच असतं.’ लगेच चार अंगठे आले. त्यातले दोन अशा लोकांचे, की ज्यांनी दहा वर्षांत बसच्या पायरीवर पाय ठेवलेला नाही.

‘ताईला विचारा’ म्हणाला खरा, पण विचारलं कुणीच नाही. इथे न्यू जर्सीत शनिवारची रात्र होती, मी डिशवॉशर लावत होते. लिहायला घेतलं, चार ओळी खोडल्या आणि झोपले. सोमवारी सकाळी सहा वीसला पार्क अँड राइडच्या, म्हणजे मोटार लावून बस पकडायच्या तळावरच्या, रांगेत उभी राहिले, बस आली, आणि राग पुन्हा वर आला.

न्यू जर्सीहून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला मी सतरा वर्षं बसने जाते आहे. त्या सोमवारी माझ्या पुढे एक नवा मुलगा होता, बहुधा पहिल्याच नोकरीचा. त्याने चढताना फोन पुढे केला. ड्रायव्हरने नुसती मान हलवली. ‘हे न्यू जर्सी ट्रान्झिटचं तिकीट आहे, इथे चालत नाही.’ मुलगा गोंधळला. त्याचंही बरोबर होतं. गाडी ट्रान्झिटची असते तीच, पंचेचाळीस फुटी क्रूझर. अंगावर निळे-जांभळे-नारिंगी पट्टे तेच, सीटा त्याच, मधल्या व्हीलचेअर-लिफ्टचं दार तेच, आणि सोमवार ते शुक्रवार रिकामे राहणारे पोटातले सामानाचे कप्पेही तेच. फक्त बाजूला नाव एका खासगी कंपनीचं. शेवटी मागच्या बाईंनी दहा फेऱ्यांच्या कार्डावर त्याचंही तिकीट पंच करून घेतलं, आणि तो ओशाळून माझ्या शेजारी येऊन बसला.

माझ्या आतेभावाला हे दृश्य दाखवायला हवं होतं. कंपनी खासगी, ड्रायव्हर कंपनीचा, डिझेल कंपनीचं, देखभाल कंपनीची, तिकीटही कंपनीचं. पण गाडी सरकारची. न्यू जर्सी ट्रान्झिट ही राज्याची संस्था गाड्या विकत घेते आणि खासगी कंपन्यांना नाममात्र भाड्याने चालवायला देते. अशा गाडीच्या किमतीत ऐंशी टक्क्यांपर्यंत पैसा वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, असू शकतो. सरकार हे दानधर्म म्हणूनही करत नाही. या गाड्या जितके मैल धावतात ते मैल राज्याच्या हिशेबात धरले जातात, आणि त्या हिशेबावर पुन्हा केंद्राचा निधी मिळतो. म्हणजे ज्याला आमचा आतेभाऊ ‘सगळं प्रायव्हेट’ म्हणतो, ते सरकारी लोखंडावर बसलेलं प्रायव्हेट आहे.

हे असं का, तर त्याला इतिहास आहे. इथे ट्रामच्या काळापासून बस खासगीच होत्या, गावोगावच्या घराण्यांच्या. सत्तरच्या दशकात त्या पार डबघाईला आल्या. १९७९ मध्ये राज्याने न्यू जर्सी ट्रान्झिट काढली, पुढच्या वर्षी सगळ्यात मोठी बस कंपनी विकत घेतली आणि उरलेल्या लहानमोठ्यांना तगवायचं ठरवलं. तगवायचं कसं? गाडी हाच सगळ्यात मोठा खर्च. तो उचलला.

रस्त्याचंही तसंच. नदीखालून मॅनहॅटनला नेणाऱ्या लिंकन टनेलकडे जाणाऱ्या ४९५ क्रमांकाच्या रस्त्यावर सकाळी सहा ते दहा एक लेन उलट्या दिशेने फक्त बससाठी सोडतात. १९७० पासून. अडीच मैलांची ती एक लेन. शेजारी मोटारी खिळून उभ्या असतात आणि आमच्या बसगाड्या, सरकारी काय, खासगी काय, एकामागे एक सरकत जातात. नदीपलीकडे मॅनहॅटन उन्हात चकाकत असतं, आणि आत निम्मी गाडी तोंड उघडं टाकून झोपलेली असते. पहिली दोन वर्षं मी तो देखावा रोज बघत असे. आता मीही झोपते.

मुंबईत बेस्टने काय केलं? नेमकं उलटं. भाडेतत्त्वावर, म्हणजे वेट लीजवर, गाडी आणायची ठेकेदाराने, ड्रायव्हर त्याचा, दुरुस्ती त्याची. बेस्टने दर किलोमीटरला पैसे मोजायचे आणि फार तर कंडक्टर द्यायचा. गाडीवर बोधचिन्ह बेस्टचं, रंग लाल, पण गाडी दुसऱ्याच्या नावावर. त्यामुळे ठेकेदाराला परवडेनासं झालं की तो गाड्यांसकट निघून जातो, आणि तसे गेलेलेही आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेक्यावरचे ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले तेव्हा लोक आठवडाभर स्टॉपवर ताटकळले. २०१९ मध्ये महापालिकेशी करार करताना बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखायचं कबूल केलं होतं. कुठे आहेत त्या? एसटीने तर ५,१५० इलेक्ट्रिक गाड्या भाड्याने घ्यायचा करार केला, गाड्या वेळेवर आल्याच नाहीत, आणि २०२५ मध्ये करार रद्द करायची भाषा परिवहनमंत्र्यांनाच करावी लागली.

इतकं सगळं मी बसमध्ये बसल्या बसल्या ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले. त्यातला एक आत्याचा.

आतेभावाचं उत्तर आलं ते कुर्ल्याचं. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, माणसं चिरडली. ‘ही तुझी बेस्ट.’ मी म्हटलं, अरे, ती तर भाड्याची गाडी आणि ठेक्यावरचा चालक, तू माझीच बाजू मांडतोयस. त्याने हसण्याचा चेहरा टाकला. मला ते हसू जिव्हारी लागलं, कारण तो जे म्हणत नव्हता ते मला ऐकू आलं: तुमच्याकडे असलं होत नाही ना, मग बोल तू.

होतं. हडसन नदीच्या या काठावर बर्गनलाइन अ‍ॅव्हेन्यूवर खऱ्या अर्थाने खासगी मिनीबस धावतात, हात दाखवा नि चढा. थोडक्यात आपल्याकडची काळी-पिवळी, फक्त स्पॅनिश बोलणारी. ३० जुलै २०१३ ला त्यातल्या एकीचा ड्रायव्हर फोनवर होता. गाडी दिव्याच्या खांबावर आदळली, खांब पडला आणि बाबागाडीतलं आठ महिन्यांचं बाळ गेलं. त्यानंतर कायदा झाला, विमा वाढवला, नियम कडक केले. मिनीबस अजून धावतात, भरून धावतात. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. परदेशात राहणाऱ्याने घरच्या ग्रुपवर परदेशाची लक्तरं काढायची नसतात, हा अलिखित नियम आहे. मी तो पाळते आणि पाळल्याची लाजही वाटते.

आणखीही एक लिहिलं नाही. डी-कॅम्प नावाची कंपनी १८७० पासून, म्हणजे घोडागाडीच्या काळापासून, न्यू जर्सीच्या एसेक्स काउंटीतली माणसं नेत-आणत होती. कोविडच्या साथीनंतर लोक आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसला जाऊ लागले, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिने मॅनहॅटनच्या रोजच्या फेऱ्या बंद केल्या. गाडी नाममात्र भाड्याने मिळत असूनही. गाडी फुकट मिळाली म्हणून ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल सुटत नाही, आणि रिकाम्या सीटचं तिकीट कुणी काढत नाही. सरकारने सांगितलं, शेजारच्या आमच्या बसने या. माझी एक मैत्रीण त्या भागात राहते, तिची ‘शेजारची’ बस घरापासून वीस मिनिटं चालत. जानेवारीत, बर्फात, वीस मिनिटं.

आमच्याकडची सात दहाची बसही अशीच गेली. कंपनीचं नाव घेत नाही. एका शुक्रवारी स्टॉपच्या खांबाला कागद चिकटवलेला होता, सोमवारपासून ही फेरी नाही. मी तावातावाने फोन केला. पलीकडची मुलगी नम्र होती आणि तिला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, गाडी तर जनतेच्या पैशाची आहे ना? ती म्हणाली, मॅडम, गाडी आहे, ड्रायव्हर नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणजे माझा मुद्दा पडला का? मला नाही वाटत. फेरी गेली, पण गाडी राज्याच्या नावावर राहिली. उद्या कुणी चालवायला पुढे आला तर गाडी आहे, लेन आहे, टर्मिनल आहे. बेस्टचा ठेकेदार निघून गेला की डेपोत तेलाचे डाग तेवढे राहतात. हे वाक्य मात्र मी ग्रुपवर लिहिलं, आणि त्यावर आतेभावाने जे लिहिलं ते असं: ‘ताई, तू शेवटची बेस्टमध्ये कधी बसलीस?’

आता खरं सांगायचं तर हा सगळा लेख त्या प्रश्नाला टाळण्यासाठी आहे.

माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. वडाळ्याला आम्ही राहायचो ते बेस्टच्याच क्वार्टर्समध्ये. पत्र्याची तिकिटाची पेटी, चामड्याची पिशवी, आणि दांड्यावर टकटक करणारा तो पंच. सुट्टीच्या दिवशीही त्यांचा अंगठा हवेत पंच दाबल्यासारखा हलायचा. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी मला बसवून ते खाली जायचे, आणि मी त्यांच्या बेलची वाट बघायची. एक बेल थांबायची, दोन निघायची. बाबांनी डबल बेल दिल्याशिवाय एवढी मोठी गाडी हलत नाही, याचा मला काय अभिमान! शाळेत बाकीच्यांचे बाबा साहेब होते, पण गाडी कुणाच्याच हातात नव्हती. २०२३ च्या सप्टेंबरात जुन्या डिझेल डबलडेकर रस्त्यावरून कायमच्या गेल्या तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. व्हिडिओ रात्री पाहिला, तीनदा.

आणि गेल्या तीन मुंबई-वाऱ्यांत मी एकदाही बेस्टमध्ये चढले नाही. एसी टॅक्सी, दारात. कारण उकाडा, कारण सामान, कारण वेळ थोडा. कारणं सगळी खरी आहेत. मागच्या डिसेंबरात बाबांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, जिन्याखाली वळणाऱ्या टॅक्सीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘दादरहून थेट बस आहे. माहीत नव्हतं का?’ माहीत होतं. तिकीटही माहीत होतं. पाच रुपयांचं दहा झालं तेव्हा ग्रुपवर सगळ्यात लांब निषेध माझाच होता.

इथे मी बसने जाते ते तत्त्व म्हणून नव्हे. मॅनहॅटनमध्ये पार्किंग परवडत नाही. आमच्या गल्लीतले अर्धे लोक मला अजून विचारतात, गाडी बिघडली का? इथल्या एडिसन गावच्या गणपतीत कुणी भेटलं तर मी ‘ट्रान्झिटने येते’ म्हणते, ‘बसने येते’ म्हणत नाही. कंडक्टरची मुलगी आणि बस म्हणायला जीभ अडते.

ग्रुपवर मी काहीच उत्तर दिलं नाही. आतेभावानेही विषय सोडला, क्रिकेटवर गेला. बाबा त्या ग्रुपवर आहेत, पण एरवी सुविचाराशिवाय काही पाठवत नाहीत. सगळं वाचलं असणार. बुधवारी त्यांचा फोन आला. तब्येत, हवा, गुडघे झाले. मग म्हणाले, ‘तुझ्या त्या बसला कंडक्टर नाही म्हणतेस.’

‘नाही बाबा. ड्रायव्हरच तिकीट बघतो.’

‘आणि उतरायचं असेल तर?’

‘आपणच बटण दाबायचं.’

‘हं. ती झाली सिंगल बेल.’ थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. ‘मग डबल कोण देतं?’

‘कुणीच नाही. दार लागलं की निघते.’