पुस्तक घरी राहिलं, मॅडम!

वाचनाच्या तासाचे नियम दोनच. स्वतःचं पुस्तक आणा अन् २० मिनिटं गप वाचा. उन्हापायी आमच्या नागपूरच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हापासून घसा कोरडा करून सांगतेय. तरी रोज तेच, "मॅडम, पुस्तक घरी राहिलं!" डबा बरा नाही राहत कधी!

काल एका पोट्ट्यानं आणलं एकदाचं. आत चिवड्याचा चुरा, अन् खूण म्हणून बसचं तिकीट, पान ३ वर. जूनपासून पान ३! पालकांना बोलावलं तर म्हणतात, "याचे मार्क किती?" सीताबर्डीला जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, तेही सांगून पाहिलं.

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या फोटोत मात्र सगळ्यांच्या हातात पुस्तक. दोघांचं तर उलटं, बाप्पा!