आधी कान बघा, मग बीपी

आज शेजारच्या काकू कान ठणकतो म्हणून दवाखान्यात गेल्या आणि बीपीच्या पेशंट होऊन परत आल्या. १७०/१००. रोजची गोळी सुरू, तीही म्हणे आयुष्यभर. आणि कान? कानात कुणी दुर्बीण घालून डोकावलंसुद्धा नाही! तेव्हापासून डोकं सणकलंय माझं.

गेल्या पावसाळ्यात आईचं अगदी हेच. ठणक्याने रात्रभर उशीला डोकं टेकवत नव्हती. धापा टाकत दवाखान्याचा जिना चढली, खुर्चीत बसते न बसते तोच स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. वर "कधीपासून दुखतंय?" हे चालूच. आकडा १७८. अहो, येणारच! जीव कळवळत असताना अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, रक्तवाहिन्या आकसतात, छाती धडधडते. त्यात आईने मेडिकलमधून सर्दीची गोळी आणलेली. त्यातलं फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकनेही बीपी चढू शकतं. कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारायला किती वेळ लागतो?

बरं, मान्य. काहींना बीपी आधीपासून असतं आणि ते अशाच आजारपणात पहिल्यांदा सापडतं. मग नीट मोजा ना! पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या पातळीला, बोलणं बंद. दुखणं उतरल्यावर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. तेव्हाही १४०/९० च्या वर राहिलं तर द्या गोळी, कोण नाही म्हणतंय? १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय, तर मात्र थेट हॉस्पिटल. आणि ज्यांची बीपीची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी कृपा करून मनाने बंद करू नका.

आईला शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बुरशी निघाली. सक्शनने ओल्या कागदाच्या लगद्यासारखं काळपट काहीतरी बाहेर आलं, मग थेंब दिले. ते डॉक्टर आईला म्हणाले, "आजी, घाई नाही, आधी निवांत बसा," आणि मगच पट्टा बांधला. त्या एका वाक्याने आईचा चेहराच बदलला. ठणका थांबल्यावर घरी मोजलं तर १२८/८०.

ओपीडीतली रांग मलाही दिसते. एका डॉक्टरने एवढी माणसं बघायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो, त्याच्यावर तरी किती चिडायचं? पण बाई कान धरून बसलीय हो समोर!

आणि घरोघरच्या वैद्यांनो, ठणकणाऱ्या कानात गरम तेल ओतू नका. पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जातं. काकूंना डायबेटिस आहे. त्या वयात, डायबेटिसमध्ये कानाचा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. उद्या त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन जातेय, आणि कानात दुर्बीण घातल्याशिवाय तिथून हलणार नाही.