हिरवा ठिपका मावळू देऊ नका

मॅनेजरसाहेब, तुमची बारा जणांची टीम आता घरून काम करत ठाण्यापासून उलव्यापर्यंत पसरली आहे. कुणी कासारवडवलीच्या टॉवरमध्ये, कुणी कळव्यात देवघराशेजारी टेबल टाकून, दोघे घणसोलीत, एकजण पनवेलला. ऐरोलीच्या ऑफिसचा अर्धा मजला कंपनीने सोडून दिला आणि तुमच्या दुःखाला सुरुवात झाली. केबिनच्या काचेतून मोजायला डोकीच उरली नाहीत. खचू नका. एचआरने 'मजबूत संस्कृती उभारा' असा मेल पाठवला आहे आणि त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य तुमच्या लॅपटॉपमध्ये आधीच आहे.

सुरुवात ठिपक्यापासून करा. टीम्स या ऑफिसच्या चॅट-कॉलच्या ॲपवर साधारण पाच मिनिटे माउस हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. स्लॅक हे तसलेच दुसरे ॲप जरा उदार, तिथे दहा मिनिटे मिळतात. म्हणजे वहीत आकृती काढून एखादी अडचण सोडवणारा माणूस सहाव्या मिनिटाला कामचुकार ठरतो आणि माउस चाळवत रील बघणारा कर्तव्यदक्ष. यावर विसंबून राहा. मायक्रोसॉफ्टच्या २०२२च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आमचे काम व्यवस्थित चालले आहे. ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले, हायब्रिडमुळे, म्हणजे थोडे घरून थोडे ऑफिसातून चालणाऱ्या कामामुळे, आम्हाला तशी खात्री वाटेनाशी झाली आहे. तुम्ही अर्थातच वरिष्ठांवर विश्वास ठेवा. त्यांचे पगार जास्त आहेत.

ठिपक्यावरून जाब विचारायला लागलात की पंधरवड्यात टीमची कल्पकता फुलेल. सेकंदकाट्याच्या घड्याळावर ऑप्टिकल माउस ठेवला की कर्सर आपोआप थरथरतो. काहीजण काही शे रुपयांचे माउस हलवणारे यंत्र ऑनलाइन मागवतील. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्यावरून डझनाहून अधिक माणसे काढली, ही बातमी ग्रुपवर टाका, खाली हात जोडलेली इमोजी द्या. तरीही शंका उरली तर दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट काढणारे सॉफ्टवेअर बसवा. बारा माणसे, तासाला सहा, नऊ तास: रोजचे ६४८ फोटो. ते बघायला एक माणूस नेमा. त्याचा ठिपका कोण बघणार, हे पुढच्या तिमाहीत ठरवू.

आता रोजचा स्टँडअप, म्हणजे कोण काय करतोय हे सांगायची सकाळची मीटिंग. पंधरा मिनिटांचा असतो म्हणतात, पण आपुलकी पंधरा मिनिटांत बसत नाही. पंचेचाळीस करा. बाराजणांची पंचेचाळीस मिनिटे म्हणजे नऊ तास. दररोज एका माणसाचे दिवसभराचे काम तुम्ही संस्कृतीच्या चरणी वाहता, एवढा त्याग कुणी करत नाही. प्रत्येकाने पावणेचार मिनिटे बोलायचे आणि सव्वाएक्केचाळीस मिनिटे दुसऱ्यांची पावणेचार मिनिटे ऐकायची. कॅमेरा सक्तीचा. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणे मांडली: अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत दिसणारा स्वतःचाच चेहरा, जागचे हलता न येणे आणि हावभाव वाचण्या-दाखवण्याचे जास्तीचे ओझे. चारही एकाच मीटिंगमध्ये पुरवता येतात. वेगळा खर्च नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. मीटिंगमध्ये जे ठरले ते कुठेही लिहू नका. सगळा डोलारा याच्यावर उभा आहे. काय ठरले, का ठरले, कुणी कधीपर्यंत करायचे, अशा चार ओळी एका ठिकाणी पडल्या की रजेवरून आलेला माणूस त्या वाचतो आणि मुकाट कामाला लागतो. मग तुम्हाला फोन कोण करणार? बाराजणांत दोघादोघांच्या ६६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला थोडे वेगळे सांगा, तेही फोनवर. मंगळवारी 'असं ठरलंच नव्हतं' यावर तासभर चर्चा होईल आणि तुमच्याशिवाय पान हलत नाही हे सर्वांना पटेल. गिटलॅब नावाची कंपनी ऑफिसशिवाय अनेक देशांत माणसे ठेवून काम करते आणि आपली कार्यपद्धती हँडबुकात लिहून जगासमोर उघडी ठेवते. अशा भरकटलेल्या लोकांच्या नादी लागू नका.

नव्या माणसाबाबत तर लिखाणाचा मोह फारच होतो. त्याला कोणकोणत्या सिस्टिमचा ॲक्सेस लागतो आणि तो कुणाकडे मागायचा, एवढा अर्ध्या पानाचा कागद त्याचा पहिला आठवडा वाचवू शकतो. कागद देऊ नका, सोबतीला कुणी नेमूही नका. 'काहीही अडलं तर ग्रुपवर विचार' एवढे प्रेमाने सांगा. न पाहिलेल्या अकराजणांसमोर 'पासवर्ड चालत नाही' लिहायची लाज वाटून तो दोन दिवस गप्प बसेल. तिसऱ्या दिवशी त्याच्यात पुढाकार नसल्याची नोंद करता येते.

अमेरिकेचा क्लायंट असेल तर घड्याळाचीही मदत मिळते. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. निमंत्रणात नुसते 'नऊ वाजता' लिहा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडनची टीम तासभर चुकीच्या वेळी येऊन वाट बघते. दर आठवड्याची मीटिंग ज्याच्या कॅलेंडरवरून तयार केली त्याच्या गावची वेळ कायम राहते आणि बाकीच्यांची सरकते, हे कुणाला कळू देऊ नका. रात्रीचा कॉल सव्वाअकराला संपला तरी सकाळचा साडेनऊचा स्टँडअप पवित्र.

पावसाळ्यात महावितरण तुमची परीक्षा बघते. बत्ती गेली की राउटर मरतो. राउटरला जोडायचा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस दीड-दोन हजारांत येतो आणि काही तास तग धरतो. जिन्याखालच्या केबलवाल्याच्या स्विचला बॅकअप नसेल तर तोही निरुपयोगी, मग दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट हाताशी लागतो. दोन्हींचे पैसे कंपनीने देणे शक्य आहे, पण बजेट कंपनीचे बोधवाक्य छापलेल्या मगांवर आधीच खर्च झालेले असावे. कॉल तुटला की 'ऑफिसला आला असतास तर?' एवढे विचारा.

ऑफिसला बोलवाच. मंगळवार ते गुरुवार. कासारवडवलीचा माणूस घोडबंदर रोडने माजिवड्याला, तिथून कळव्याच्या खाडीवरून ऐरोलीला येईल. दुसरा ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्सहार्बरची लोकल पकडेल. पोहोचल्यावर मीटिंग रूम बुक असल्यामुळे दोघेही शेजारी बसून, हेडफोन लावून, एकमेकांशीच टीम्सवर बोलतील.

करमणूक शुक्रवारी साडेसहाला, ऐच्छिक, हजेरी घेऊन. तंबोला पुरे. वर्षातून एकदा सहल कर्जतच्या रिसॉर्टला, शनिवारी. बस सकाळी सहाला माजिवड्याहून सुटते. पनवेलकराने साडेचारला उठून माजिवड्याला यावे आणि बसने परत पनवेलवरूनच कर्जतला जावे. त्याला वाटेत चढू दिले तर सांघिक भावना कशी रुजेल?

एवढे करूनही माणसे जातात. राजीनाम्यानंतरच्या फॉर्ममध्ये कारणांचे पर्याय पाचच ठेवा: पगार, स्थलांतर, उच्च शिक्षण, कौटुंबिक, इतर. वर्षअखेरीला बेरीज करा. मॅनेजरमुळे सोडून गेलेल्यांची संख्या शून्य येईल. ती मोठ्या अक्षरात एचआरला पाठवा आणि पुढच्या वर्षासाठी आणखी चार मगांची मागणी नोंदवून ठेवा.