मराठी माध्यमात घातलं की डिस्लेक्सिया जातो? नाही जात

शाळाप्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातलं म्हणणं असं: डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार मुलालाही वाचता-लिहिताना येणारी अडचण, हा इंग्रजीचा रोग आहे. देवनागरीत आपण जसं बोलतो तसं लिहितो, म्हणून मराठी माध्यमातल्या मुलांना तो होतच नाही. मूल मागे पडतं ते आळसामुळे, तेव्हा रोज शुद्धलेखन लिहून घ्या. हे सगळं नवं खूळ आहे आणि परीक्षेतल्या सवलती म्हणजे मार्क मिळवायची पळवाट.

वाचताना अडखळणाऱ्या मुलांबरोबर मी रोज दुपारी बसते. या मेसेजवर विसंबून मुलांची दोन-दोन वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मातृभाषेतून शिकावं याबद्दल दुमत नाही. घरात बोलली जाणारी भाषा वाचायला शिकणं कुठल्याही मुलाला परक्या भाषेपेक्षा सोपं जातं. पण ‘जसं बोलतो तसं लिहितो’ हे खरं नाही. त्यातला ‘बोलतो’ हाच शब्द घ्या. तोंडाने आपण म्हणतो ‘बोल्तो’. चाक आणि चहा यांतला च कागदावर एकच, उच्चार मात्र दोन. ‘मूल’ला दुसरा उकार, ‘मुलगा’ला पहिला. ‘दिवस’मधली वेलांटी द च्या आधी काढायची आणि उच्चारायची द च्या नंतर. र ची रूपं तर बघा: राम, क्रम, ट्रक, सूर्य, तऱ्हा.

माझ्याकडे चौथीतला एक मुलगा येतो. ‘प्रार्थना’ या शब्दाशी त्याचं बोट थांबतं. ‘प... पा... पारथना.’ मग तो वर बघतो, बरोबर की चूक ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखायला. शाळेत रोज सकाळी हाच शब्द तो बिनचूक बोलतो. कागदावर मात्र एक र प च्या पोटात तिरका शिरलेला, दुसरा थ च्या डोक्यावर बसलेला, आणि हा दुसरा र थ च्या आधी म्हणायचा. इतर मुलांना हे सरावाने जमून जातं. याला प्रत्येक वेळी नव्याने सोडवावं लागतं.

कारण अडचण लिपीच्याही अलीकडची आहे. ऐकलेल्या शब्दाचे सुटे आवाज पकडणं आणि ते अक्षरांशी झटकन जोडणं, इथेच या मुलांचं अडतं. इटालियनचं लेखन आपल्यापेक्षाही सरळ आहे. तरीही २००१ साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना झाली, तेव्हा डिस्लेक्सिया असलेल्या तिन्ही गटांत वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग कमी काम करताना दिसला. फरक इतकाच, की इटालियन वाचकांच्या चुका कमी होत्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथेच. मराठीत असं मूल अनेकदा चुकत नाही, रखडतं. ‘हळू वाचतो, पण वाचतो ना’ म्हणून शाळा गप्प, घर गप्प. पाचवी-सहावीत इतिहास-विज्ञानाचे धडे लांबले की ते एकदम बुडतं, आणि तोवर वर्गात त्याचं नाव ‘ढ’ पडलेलं असतं.

आता आळस. याच मुलाने घरी ‘विद्यार्थी’ दहा वेळा लिहून आणला होता. पहिल्या तीन ओळी बरोबर, चौथ्या ओळीत रफार गळला आणि पुढचे सहाही ‘विद्याथी’. म्हणजे तासभर मान मोडून त्याने चुकीचा शब्द पक्का केला. हा आळस नाही हो! उपयोग होतो तो वेगळ्या कामाचा: आधी शब्द तोंडी फोडायचा, टाळी वाजवत. मग एका वेळी एकच मात्रा किंवा एकच प्रकारचं जोडाक्षर, अर्ध्या अक्षरांची कार्डं जुळवून. रोज वीस मिनिटं. आणि घरच्यांनी त्याला गोष्टी वाचून दाखवायच्या, म्हणजे वाचन मागे राहिलं तरी शब्दसंपत्ती मागे राहत नाही.

नवं खूळ? एका इंग्रज डॉक्टरने अशा १४ वर्षांच्या मुलाची हकिकत १८९६ साली छापली होती. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत या मुलांना १९९६ पासून सवलती आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सिया ओळखायची चाचणी मराठीतही आहे.

राहिल्या सवलती. ज्याला उत्तर येत नाही, त्याला ते जादा वेळ दिला म्हणून सुचत नाही. परवा परिसर अभ्यासाचा सरावाचा पेपर मी या मुलाला वाचून दाखवला आणि त्याची उत्तरं स्वतः लिहून घेतली. सहापैकी सहा बरोबर. तोच पेपर शाळेत त्याने दोन प्रश्न सोडवून कोरा दिला होता.

त्याची आई शेजारीच बसली होती. मेसेज वाचूनच तिने त्याला दुसरीत इंग्रजी शाळेतून काढून मराठीत घातलं होतं. म्हणाली, “बाई, मग आता परत शाळा बदलू का?” मी म्हटलं, शाळा राहू दे. आधी तपासणीची तारीख घेऊ. पुढच्या मंगळवारची मिळाली आहे.